हजार पानांचा किल्ला, चार तासांची मालिका

मर्विन पीक यांच्या ‘टायटस ग्रोन’ या कादंबरीचा नायक सुरुवातीच्या प्रकरणांत जन्माला येतो आणि पुस्तक संपतं तेव्हा तो दोन वर्षांचाही झालेला नसतो. जवळपास पाचशे पानं नायक पाळण्यात किंवा दाईच्या कडेवर. वाचताना हे मुळीच खटकत नाही, कारण आपलं सगळं लक्ष त्या अवाढव्य, पडक्या, कुजत चाललेल्या गॉर्मेनघास्ट किल्ल्याकडे असतं. टीव्हीवर मात्र पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक विचारतो, मी नेमकं कोणाच्या मागे जायचं? या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना अख्खी कादंबरी उलगडून पुन्हा शिवावी लागते. ती कशी, हे या लेखात पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. पीक हे मुळात चित्रकार. जन्म 1911 चा, चीनमधला. वडील मिशनरी डॉक्टर. ‘टायटस ग्रोन’ 1946 मध्ये, ‘गॉर्मेनघास्ट’ 1950 मध्ये आणि ‘टायटस अलोन’ 1959 मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रायन सिबली यांनी 1984 मध्ये पहिल्या दोन कादंबऱ्यांवरून बीबीसी रेडिओसाठी दोन नाटकं केली, त्यांत कथेतल्या खलनायकाची, स्टीअरपाइकची भूमिका गायक स्टिंगची होती. मग 2000 च्या जानेवारीत बीबीसीने चार भागांची मालिका आणली. पटकथा माल्कम मॅके यांची, दिग्दर्शन अँडी विल्सन यांचं. त्यांनीही पहिल्या दोनच कादंबऱ्या घेतल्या.

या कथेला गॉथिक म्हणतात ते तिच्यातल्या जुन्या वास्तूमुळे, घराण्याच्या ओझ्यामुळे आणि सगळीकडे भरून राहिलेल्या ऱ्हासामुळे. फँटसी म्हणतात, कारण हा किल्ला कुठल्याच नकाशावर नाही. पण यात जादू नाही, भूत नाही, ड्रॅगन नाही. नारायण धारपांच्या कथांवर वाढलेला मराठी वाचक पहिली शंभर पानं कोणीतरी दार वाजवेल म्हणून वाट पाहत बसतो आणि कोणी येत नाही. मालिका करणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच मान्य करावं. जाहिरातीत जादूचा भास निर्माण केला, तर दुसऱ्या भागापर्यंत प्रेक्षक फसवल्यासारखा चिडतो.

आता हिशेब. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. चार तास म्हणजे 240 पानं, आणि त्या पानांवरही मोकळी जागाच जास्त असते. इकडे दोन कादंबऱ्यांची मिळून साधारण हजार पानं, तीही गच्च भरलेली. म्हणजे पाच-सहा वाक्यांतलं एखादं वाक्य ठेवायचं असं नाही. वाक्यं जवळजवळ सगळीच जातात, उरतात त्या घटना आणि माणसं.

पहिलं काम म्हणजे कार्डं. कादंबरीतली प्रत्येक घटना एका कार्डावर, एका ओळीत लिहायची. कार्डाच्या मागे तीन प्रश्नांची उत्तरं: यानंतर कोणाचं काय बदललं? हे आधी कुठल्या गोष्टीवर उभं आहे? पुढे कुठे लागणार आहे? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसलेली कार्डं सहसा आधी उडवली जातात. गॉथिक कादंबरीत हीच चूक सर्वांत महागात पडते. त्याकडे पुढे येऊ. आधी तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण.

केडा ही टायटसला दूध पाजणारी दाई, किल्ल्याच्या तटाबाहेरच्या मातीच्या वस्तीतली. तिच्यावर दोघांचं प्रेम, ते एकमेकांना मारतात, तिला मुलगी होते आणि मग ती जीव देते. मुख्य कथानकाशी याचा संबंध बारीक, त्यामुळे कात्री इथे आपोआप वळते. पण तिची ती मुलगी दुसऱ्या पुस्तकात रानात हिंडताना टायटसला दिसते आणि किल्ल्याबाहेरही जग आहे याची त्याला पहिली जाणीव होते. केडा पूर्ण कापली, तर ही मुलगी आकाशातून पडल्यासारखी वाटते. मग एक तर दोघींना कापायचं आणि टायटसला बंडाचं दुसरं कारण द्यायचं, किंवा केडाचे तीन छोटे सीन राखायचे: येते, दूध पाजते, निघून जाते. तीन सीन म्हणजे पाच मिनिटं. तेवढी गुंतवणूक वाजवी आहे.

मागे कोणाच्या जायचं, याचं उत्तर बहुतेकांना स्टीअरपाइकमध्ये सापडतं. टायटस जन्मतो त्याच दिवशी हा सतरा वर्षांचा पोऱ्या स्वयंपाकघरातून पळतो, छपरांवरून चढत टायटसच्या मोठ्या बहिणीच्या, फुशियाच्या माळ्यावर शिरतो आणि मग एकेक पायरी वर सरकत राहतो. त्याला काहीतरी हवं आहे, त्यासाठी तो धडपडतो, अडथळे येतात. पटकथेला हवं ते सगळं याच्याकडे आहे. बीबीसीनेही त्यालाच पुढे आणलं आणि भूमिका जोनाथन ऱ्हीस मायर्स या देखण्या नटाला दिली.

इथे मात्र गाडी रुळावरून सरकते, असं आमचं ठाम मत आहे. पुस्तकातला स्टीअरपाइक फिकट, उंचावलेल्या खांद्यांचा, जवळजवळ असलेल्या गडद लाल डोळ्यांचा. त्याच्याकडे पाहून वाचक दोन पावलं मागे सरतो आणि तरी त्याची हुशारी पाहत राहतो. देखणा चेहरा दिला की ते अंतर संपतं. कॅमेऱ्याने तासभर ज्याच्या खांद्यावरून जग दाखवलं, तो प्रेक्षकाचा आपला माणूस होतो. पुढे त्याने खून केले तरी प्रेक्षक त्याच्याच बाजूने असतो, आणि शेवटी टायटस त्याला मारतो तेव्हा विजय झाल्यासारखं न वाटता आपलंच काही हिरावलं गेल्यासारखं वाटतं.

यावर उपाय आहे. प्रेक्षकाची निष्ठा ठरवून, एका विशिष्ट सीनमध्ये काढून घ्यावी लागते. कादंबरीत ती जागा तयारच आहे: टायटसचा बाप आणि किल्ल्याचा धनी लॉर्ड ग्रोन, त्याच्या जुळ्या बहिणी कोरा आणि क्लॅरिस. स्टीअरपाइक त्यांना सत्तेचं गाजर दाखवून वापरतो, मग किल्ल्याच्या एका विसरलेल्या भागात कोंडतो, आणि त्या उपाशी मरतात. हा प्रसंग त्याच्या बाजूने चित्रित केला तर तो फक्त आणखी एक डाव ठरतो. दाराच्या आतल्या बाजूने चित्रित करावा. पावलं दूर जाताना ऐकू यावीत, आणि त्या दोन भोळ्या बायका तो परत येईल म्हणून केस नीट करत बसाव्यात. त्यानंतर कॅमेरा पुन्हा स्टीअरपाइकच्या खांद्यामागे जाता कामा नये. इथून पुढे डोळे फुशियाचे किंवा टायटसचे.

आता त्या उडवलेल्या कार्डांकडे येऊ. गॉर्मेनघास्टमध्ये रोज विधी असतात. का, ते कोणालाच माहीत नाही. सकाळी न्याहारीला विधिप्रमुख सॉरडस्ट तीन पोथ्या घेऊन लॉर्ड ग्रोनसमोर येतो. पहिलीत दिवसाचा तासातासाचा क्रम: काय करायचं, कोणते कपडे घालायचे, कोणत्या खुणा करायच्या. तिसरीत संदर्भांची सूची. आणि मधल्या दुसऱ्या पोथीची सगळी पानं कोरी. तीही तितक्याच गांभीर्याने आणायची, कारण तिचं असणं प्रतीकात्मक आहे.

कार्डाच्या पहिल्या प्रश्नाला या सीनचं उत्तर शून्य. कोणाचं काहीच बदलत नाही. म्हणून घाईतला पटकथाकार तो उडवतो किंवा तीस सेकंदांचा विनोद करून टाकतो. पण या कथेत स्टीअरपाइक आणि टायटस, दोघेही बंड करतात ते याच ‘काहीच बदलत नाही’ विरुद्ध. कर्मकांड कापलं की बंडाला भिंतच उरत नाही. स्टीअरपाइक मग नुसता महत्त्वाकांक्षी बदमाश होतो आणि टायटस नुसता हट्टी मुलगा. आपल्याकडे घरातल्या एखाद्या विधीचा अर्थ विचारल्यावर ‘विचारायचं नसतं’ असं ऐकून जी घुसमट होते, ती प्रेक्षकाला जाणवेपर्यंत हा भार पडद्यावर राहायला हवा.

मग कंटाळा न आणता कंटाळा दाखवायचा कसा? एक चालणारी पद्धत अशी. एकच विधी निवडायचा, समजा न्याहारीचाच, आणि तो मालिकेत चार वेळा आणायचा. पहिल्यांदा पूर्ण, दोन-अडीच मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीत. कोऱ्या पोथीचं पान उलटणाऱ्या बोटांचा क्लोजअप. दुसऱ्यांदा चाळीस सेकंद, त्याच फ्रेममध्ये, त्याच लेन्सने. आता प्रेक्षकाला क्रम माहीत आहे. तिसऱ्यांदा सॉरडस्ट मेलेला आहे आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा, लंगडा, तोंडाळ बारक्वेंटीन आहे. माणूस बदलला, बोटं बदलली, पान तेच. चौथ्यांदा ती पोथी स्टीअरपाइकच्या हातात. फ्रेम अजून तीच असल्यामुळे त्याने किती मोठी घुसखोरी केली आहे ते एका शब्दाशिवाय कळतं. चारही वेळा कॅमेऱ्याची जागा, उंची आणि लेन्स कंटिन्यूइटीच्या, म्हणजे सीनमागून सीन तपशील जुळवण्याच्या वहीत लिहून ठेवावी लागते, कारण हे सीन एकाच सेटवर एकाच दिवशी उरकले जाण्याची शक्यता जास्त, आणि घाईत कोणीतरी ‘थोडी व्हरायटी’ म्हणून अँगल बदलतो. तिथेच सगळी मेहनत वाया जाते.

भाषेचं काय? पीक यांच्या वाक्यांत प्रकाश, सावली, धूळ यांची दाट वर्णनं असतात. ती निवेदकाच्या तोंडी घालणं हा सोपा मार्ग. पण निवेदक जे सांगतोय तेच पडद्यावर दिसत असेल तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजल्यासारखं होतं. वाक्याचं भाषांतर करण्यापेक्षा त्या वाक्याने साधलेला परिणाम दुसऱ्या मार्गाने साधायचा. कधी तो मार्ग आवाजाचा असतो.

फ्ले हा लॉर्ड ग्रोनचा जुना, हाडकुळा सेवक. चालताना त्याचे गुडघे कडकड वाजतात. पुस्तकात हा तपशील इतक्यांदा येतो की तो दिसायच्या आधीच आपल्याला ऐकू येतो. पुढे आचारी स्वेल्टर त्याच्या जिवावर उठतो तेव्हा आवाज होऊ नये म्हणून फ्ले गुडघ्यांना फडकी गुंडाळतो. साउंड स्टुडिओत हा आवाज करायला सेलरीचे दांडे किंवा वाळक्या काटक्या पिळतात. आपल्याकडे ताजी गाजरं चालतात. पण खरी गोम नियोजनात आहे. पहिल्या भागात निदान चार वेळा हा आवाज नीट, पार्श्वसंगीत खाली आणून ऐकवला, तरच पुढे फडकी गुंडाळल्यावरची शांतता अंगावर येते. शूटिंगच्या वेळी कोणाला याची आठवण राहत नाही, म्हणून ते पटकथेतच लिहावं: ‘फ्ले येतो. गुडघे.’ बीबीसीच्या मालिकेत ही भूमिका क्रिस्टोफर ली यांनी केली. सहा फूट पाच इंच उंचीचा, सत्तरी ओलांडलेला हा नट जिन्यावर नुसता उभा राहिला तरी किल्ल्याचं वय कळतं.

ग्रंथालयाची आग हा पहिल्या कादंबरीतला सर्वांत मोठा देखावा. स्टीअरपाइकच्या चिथावणीवरून जुळ्या बहिणी आग लावतात, घराणं आत अडकतं आणि मग तोच खिडकीतून ‘सुटका’ करतो. गुदमरून सॉरडस्ट मरतो. निर्मितीच्या दृष्टीने हे महागडं प्रकरण. जळणारा सेट शेड्यूलमध्ये त्या जागेच्या इतर सगळ्या कामानंतर ठेवावा लागतो, कारण एकदा काजळी बसली की शांत ग्रंथालयाचे राहिलेले सीन घेता येत नाहीत. पुस्तकं बहुतेक खोटी, नुसत्या पुठ्ठ्याच्या पाठी. नटांच्या जवळच्या ज्वाळा गॅसच्या नळ्यांवरच्या, झडपेने कमी-जास्त होणाऱ्या, म्हणजे ‘कट’ म्हटलं की दोन सेकंदांत बंद. लाकूड आणि कापड आग न धरणाऱ्या द्रावणाने आधीच भिजवलेलं. टेक छोटे, कॅमेरे दोन-तीन.

दुरून जळतं ग्रंथालय दाखवायला छोटं मॉडेल वापरलं तर एक भौतिक अडचण येते. मॉडेल छोटं करता येतं, ज्वाळा आणि पाण्याचे थेंब करता येत नाहीत. म्हणून चित्रीकरण जास्त वेगाने करून ते नेहमीच्या वेगाने दाखवतात, म्हणजे हालचाल मंद आणि जड वाटते. वेग किती वाढवायचा याचं सूत्र आहे: मॉडेल जितक्या पट लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ. ब्रिटिश टीव्हीचा वेग सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 स्थिर चित्रं. मॉडेल चौपट लहान असेल तर दुप्पट, म्हणजे 50. नऊपट लहान असेल तर 75. दुसऱ्या कादंबरीच्या शेवटी किल्ल्यात पूर येतो, तिथे हे फारच जपावं लागतं. मॉडेल चौपटीहून जास्त लहान केलं की थेंब चिंचोक्याएवढे दिसू लागतात आणि खेळण्यातला पूर ओळखू येतो.

पण या आगीचा खरा घाव आगीत नाही. लॉर्ड ग्रोनचं आयुष्यातलं एकमेव सुख ती पुस्तकं होती. ती गेल्यावर त्याचं मन हळूहळू ढासळतं आणि आपण घुबड आहोत असं त्याला वाटू लागतं. कादंबरीत एक प्रसंग आहे: फुशिया आणि तो पाइनच्या झाडांखाली बसले आहेत आणि पाइनची बोंडं पुस्तकं समजून जमिनीवर ओळींनी लावत आहेत, जळालेली कपाटं पुन्हा उभी करत आहेत. दोन नट, मूठभर बोंडं, अर्धा दिवस काम. खर्च आगीच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नाही. वेळ कमी पडला की कापायचा विचार आधी याच सीनचा होतो, कारण ‘इथे काही घडत नाही’. आगीतली दहा सेकंदं कापा, हा ठेवा. मुलीला पहिल्यांदा बाप मिळतो आणि त्याच क्षणी हातातून निसटतो, हे इथेच दिसतं.

किल्ला उभा करायचा म्हणजे युरोपातला एखादा खरा किल्ला भाड्याने घ्यायचा, असं प्रथम वाटतं. अडचण अशी की खरा किल्ला ओळखीचा असतो, त्याला शतक असतं, देश असतो. गॉर्मेनघास्टला दोन्ही नाहीत. बीबीसीच्या मालिकेने पीक यांच्या चीनमधल्या बालपणाचा धागा पकडला आणि किल्ल्याच्या रूपात बीजिंगचं निषिद्ध नगर आणि तिबेटमधलं ल्हासा यांच्या छटा आणल्या. हा निर्णय उत्तम होता. राखाडी दगड आणि कोळिष्टकं ही ठरलेली गॉथिक वाट सोडूनही वास्तू परकी आणि पुरातन वाटली.

स्टुडिओत किल्ला म्हणजे मुख्यतः बोळ. एक चांगला बोळ बांधला की मशाली हलवून, रंग बदलून, एक भिंत काढून त्याचे पाच बोळ होतात. छत मात्र बांधायला हवं. छत नसेल तर कॅमेरा वर पाहू शकत नाही, आणि गॉथिक वास्तूची भव्यता वर पाहिल्याशिवाय येत नाही.

अंधार म्हणजे गॉथिक, ही समजूत पडद्यावर फार नुकसान करते. ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड पक्के करण्याच्या खोलीतल्या महागड्या मॉनिटरवर जे सुंदर काळंभोर दिसतं, तेच घरातल्या टीव्हीवर दुपारच्या उजेडात काळा चौकोन होतं. नेहमीच्या 8 बिट प्रक्षेपणात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त 220 पायऱ्या असतात, त्यांतल्या अगदी खालच्या थोड्याच अंधाराच्या वाट्याला येतात, आणि कॉम्प्रेशन त्यांचेही पट्टे पाडतं. म्हणून अंधार कमी उजेडाने नव्हे, फरकाने दाखवायचा: मागे एक उजळ खिडकी, पुढे काळी आकृती. एक मेणबत्ती आणि चेहऱ्याची एकच बाजू. अंतिम प्रत पडदे उघडे ठेवून साध्या टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

अभिनयाचा सूर हा या कथेतला सर्वांत नाजूक भाग. माणसं व्यंगचित्रासारखी आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे. टायटसची आई, काउंटेस गर्ट्रूड, नवजात बाळाकडे पाहत नाही, पण पांढऱ्या मांजरांचा अख्खा कळप तिच्या मागे चालतो. (मांजरं कळपाने कधीच चालत नाहीत. कॅमेरा पक्का बांधून पाच-सहा मांजरांचे वेगवेगळे टेक घेऊन नंतर एकमेकांवर बसवणं हाच रस्ता.) अशा पात्रांना नियम एकच: आपण विचित्र आहोत हे त्यांना ठाऊक नाही. नटाने एकदा जरी प्रेक्षकाकडे ‘पाहा, किती मजेशीर आहे मी’ असा कटाक्ष टाकला की पुढचा मृत्यू खोटा पडतो. बीबीसीच्या मालिकेत विनोदाचे मोठे मोठे नट होते. टायटसच्या शाळेतल्या मास्तरांच्या प्रसंगांत स्टीफन फ्राय, आणि चाकाच्या खुर्चीतल्या मुख्याध्यापकाच्या छोट्या भूमिकेत स्पाइक मिलिगन. मिलिगन यांचा जन्म 1918 चा, अहमदनगरचा, आणि लहानपण पुण्यात गेलेलं. हे मास्तरांचे प्रसंग स्वतंत्रपणे बहारदार आहेत, पण ते इतके लांबले की मधल्या भागात किल्ल्याचा धाक पातळ झाला. विनोद राहू द्यावा, पण प्रत्येक विनोदी प्रसंगानंतर लगेच तो रिकामा बोळ दाखवावा.

शेवट कुठे करायचा? तिसऱ्या कादंबरीत टायटस किल्ल्याबाहेर पडून मोटारी आणि कारखान्यांच्या जगात येतो. ती पीक आजारी असताना लिहिली गेली आणि तिचा पोत वेगळा आहे. मालिका दुसऱ्या कादंबरीशी थांबवणंच बरोबर. पूर ओसरला आहे, फुशिया बुडाली आहे, स्टीअरपाइक संपला आहे, आणि सतरा वर्षांचा टायटस निघाला आहे. आई त्याला सांगते की बाहेर काही नाही, फिरून तू इथेच येशील. हे वाक्य रागाने म्हणवून घेऊ नये. हवामान सांगावं तसं सांगावं. मग ती आत जाते, मांजरं तिच्या मागे. टायटसच्या चेहऱ्यावर कॅमेरा जितका वेळ थांबवता येईल तितका थांबवावा, आणि तो काय पाहतोय ते दाखवू नये.